येळवस समजावून सांगावी लागत नाही तिथे

माझं काम लिहिण्याचंच आहे. अंबाजोगाईत तहसीलच्या बाहेर माझी टपरी आहे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर बाकड्यावर नंबर लावून बसलेली माणसं. फेरफार, वारस, उत्पन्नाचा दाखला, निराधारचं प्रकरण, बांधाचा तंटा, रस्ता अडवल्याची तक्रार, जे येईल ते लिहून द्यायचं. वडील हेच काम गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर करायचे. माझी बोटं त्याच किल्ल्यांवर बसलेली, त्यामुळे आजही मी रेमिंग्टनच्याच पद्धतीने टाइप करतो. पोरगी म्हणते, बाबा, आता नुसतं बोललं तरी मोबाईल लिहून घेतो. घेत असेल. मला मात्र बोटं हलल्याशिवाय सुचत नाही.

रात्री जेवणं आटोपली की मी माझं लिहितो आणि इथे, या ब्लॉगवर ठेवतो. वाचणारी माणसं थोडी आहेत आणि त्यातली बहुतेक माझ्या ओळखीची. रेणापूरचे एक निवृत्त गुरुजी. एसटीतला एक कंडक्टर, जो लोखंडी सावरगावला गाडी थांबली की चहासोबत वाचतो. इथल्या मेडिकल कॉलेजात रात्रपाळी करणाऱ्या एक सिस्टर. नांदेडला कापडाचं दुकान टाकलेला माझा वर्गमित्र. पुण्याला हिंजवडीत नोकरीला गेलेली आमच्या गल्लीतली पोरंपोरी. आणि धारूरकडचे एक शेतकरी. त्यांना मी अजून बघितलेलं नाही, पण त्यांच्या विहिरीला किती परस पाणी आहे ते मला महिन्याच्या महिन्याला कळतं.

परवा एका वकीलसाहेबांनी टपरीवर विचारलं, "रातच्याला एवढं लिहायलात, त्याचं मिळतं काय? अन् वाचतं कोण?" त्यांनी आपुलकीनेच विचारलं. तेव्हा गर्दी होती, बोलणं झालं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून आज त्यावरच लिहितोय.

अर्जाला वाचक एकच असतो. 'यांच्या सेवेशी' इथून सुरू होतं आणि 'हेच विनंती' इथे संपतं. मध्ये 'सविनय', मध्ये 'सबब'. अर्जाची भाषा घाईत वाचणाऱ्यासाठी घडलेली आहे आणि तिला मी नावं ठेवत नाही, तिच्यावर माझं घर चालतं. जमिनीच्या कागदात तर मला ती आवडतेही. चतुःसीमा लिहिताना पूर्वेस नाला, पश्चिमेस अमुक गट नंबर, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस सरकारी गायरान असं चारी बाजूंनी बांधून घेतलं की मध्ये जे उरतं ते त्या माणसाचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोन भावांची पिढी कोर्टात जाते. शब्द जपून वापरायचं मी तिथे शिकलो. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा प्रतिज्ञापत्राच्या शेवटच्या परिच्छेदातलं भारतीय दंड विधान काढून भारतीय न्याय संहिता घालायची होती. संगणकातला एकेक नमुना उघडून मी ती ओळ बदलत बसलो होतो. अर्जदारांपैकी कुणी तो परिच्छेद वाचत नाही. तरी तो बरोबर असायला हवा.

पण अर्जात माणूस मावत नाही. मागे एक आजी निराधारच्या प्रकरणासाठी आल्या. रकाना होता पतीच्या मृत्यूच्या दिनांकाचा. आजी म्हणाल्या, "ज्या साली पांढरा बैल इकला ना, त्याच्या फुडल्या साली." मग बैल का विकला ते आलं, कुणाला विकला ते आलं, तो बैल नव्या मालकाच्या दावणीवरून दोनदा परत कसा आला तेही आलं. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. शेवटी ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला मागवला, त्यावरची तारीख रकान्यात घातली, आजींचा डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि प्रकरण दाखल झालं. तारीख कामाची होती. आजींनी मात्र वर्ष बैलावर लावून धरलं होतं आणि त्यांच्या दृष्टीने तेच खरं साल. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं की बैलासकट सांगता येईल अशीही एक जागा लागते. बाकीचं आजींचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. टपरीवर आलेलं टपरीवरच राहतं, हा माझा नियम आहे आणि वाचणाऱ्यांनाही तो माहीत आहे.

आता या थोड्या माणसांसाठी लिहिण्यात मला काय मिळतं ते सांगतो. येळवसेचंच घ्या.

बाहेरच्या माणसासाठी येळवस लिहायची तर आधी पानभर समजावून सांगावं लागेल. की मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि आमच्या अंबाजोगाईच्या बाजूला घरंच्या घरं शेतात जातात. तिला वेळ अमावास्या म्हणतात. कडब्याची कोपी करतात, आत पांडव मांडून पूजा करतात आणि मग वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. की भज्जी म्हणजे भजी नव्हे, ती तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, शेंगदाणे आणि डाळीचं पीठ यांची घट्टसर भाजी असते. की आंबील ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, बिंदगं मातीचं आणि उंडे बाजरीचे. एवढं सांगून होईपर्यंत मी दमतो आणि वाचणाराही दमतो. सांगायची गोष्ट मागेच राहते.

इथे मी गेल्या येळवसेला फक्त चुलतीचं लिहिलं. चुलती डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन पुढे चालली होती. तोंडाला बांधलेलं फडकं सैल झालं आणि पाऊल पडेल तशी आंबील हिंदकळून तिच्या कानामागून मानेवर, मानेवरून पाठीत उतरायला लागली. पहाटेची थंडी, त्यात ते गार ताक. आमच्या घरी बिंदगं वाटेत खाली टेकवत नसत. चुलतीने खांदे थोडे वर उचलले, मान जराही हलवली नाही, आणि आम्हा पोरांना म्हणाली, "माझ्याकडं काय बघायलाव, वाटंकडं बघा." कोपीपर्यंत तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. बिंदगं उतरवल्यावर तिने आधी आत डोकावून आंबील किती उरली ते पाहिलं, मग पाठ पुसली.

एवढंच. येळवस म्हणजे काय याचा एक शब्द नाही. कंडक्टरने लगेच कळवलं की त्यांच्यात भज्जीत बोरं पडतात. गुरुजींनी बोरांना हरकत घेतली, चिंच पुरे म्हणाले. हिंजवडीतल्या एका पोरीने लिहिलं की तिच्या आजीच्या पाठीवर आंबील सांडायची, म्हणून आजी पदराची चुंबळ न करता जुन्या धोतराची जाड चुंबळ करायची. बोरं की चिंच हा वाद आठवडाभर चालला आणि त्यातून मला तीन तालुक्यांतली भज्जी कळली. हे सगळं लोकांना आधीच माहीत होतं, म्हणून मला चुलतीची मान बघता आली. माझ्या दृष्टीने मोकळेपणा म्हणतात तो हाच.

एकदा वाचकांचा मोठा घोळकाही बघून झाला आहे. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं होतं. आमच्या गल्लीत टँकर यायचा. मी त्या रांगेचं लिहिलं. टँकरच्या नळीतलं शेवटचं पाणी कुणाच्या घागरीत जायचं यावरून होणारी भांडणं त्यात होती. आणि बांधकामाच्या भिंतीवरून बोलणं टाकलेल्या दोन शेजारणी रांगेत उभं राहून राहून पुन्हा बोलायला लागल्या, एकीने दुसरीच्या घागरीचा नंबर राखायला सुरुवात केली, हेही होतं. माझ्या मनात लिहिण्याचं कारण त्या दोघीच होत्या. कुणीतरी तो शेजारणींचा भाग कापला, माझं नाव काढलं, वर 'डोळ्यांत पाणी आणणारा लेख' असं घातलं आणि व्हॉट्सअपवर सोडला. मुंबईहून तो फिरून माझ्याकडेच आला, मामेभावाने पाठवला, "वाच, तुमच्याकडचंच आहे" म्हणून. मग नंबर शोधून अनोळखी माणसांचे फोन आले. चांगली माणसं होती, कळवळ्याने बोलत होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, असंच आणखी लिहा.

दुष्काळ खरा होता, मी त्यात उभा होतो. पण त्याच महिन्यात आमच्या गल्लीत दोन लग्नं झाली, एका पोराची पोलीस भरतीत निवड झाली, समोरच्या बुवांनी म्हातारपणी हार्मोनियम शिकायला घेतली. हे त्या फोनवाल्यांना नको होतं. मराठवाडा म्हटलं की लांबच्या वाचकाला भेगाळलेली जमीन लागते, कोरडी विहीर लागते, कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी लागतो. त्यातलं एखादं नसलं की त्याला चुकल्यासारखं होतं. त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरली. आम्ही मोटारसायकलींवर धनेगावला पाणी बघायला गेलो, सगळा तालुका तिथे लोटलेला, भेळेच्या गाड्या लागलेल्या, म्हाताऱ्या माणसांनी पाण्याला हात जोडलेले. मी ते लिहिलं. ते कुणी पुढे पाठवलं नाही. माझ्या नेहमीच्या माणसांनी वाचलं आणि धारूरच्या शेतकऱ्यांनी त्यांच्या विहिरीचं पाणी कळवलं. मला ते फार आवडलं.

एका दिवाळी अंकानेही एकदा लेख मागितला होता. मी हुरड्याचं दिलं. संपादकांनी सुचवलं की माणसांच्या तोंडचं 'करायलास', 'कामून' काढून प्रमाण भाषा करा, म्हणजे सगळ्यांना कळेल, आणि शेवट जरा करुण करता आला तर बघा. हुरड्याचा शेवट करुण कसा करायचा? आगटीभोवती माणसं पोट फुटेस्तोवर खातात आणि हात झटकून उठतात. मी लेख परत घेतला आणि इथे ठेवला, 'कामून'सकट.

थोड्या वाचकांपुढे लिहिणं म्हणजे मनाला येईल ते लिहिणं, असं मात्र नाही. उलट इथे खोटं चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. आम्ही अंबाजोगाईत. फळीवरची भांडी घरंगळून खाली पडली, आईने आम्हाला ओढत अंगणात आणलं, उजाडेपर्यंत गल्ली रस्त्यावर बसून होती. माझं त्या पहाटेचं एवढंच आहे. त्याच्यावर लिहायला बसलो तेव्हा मला ठाऊक होतं की वाचणाऱ्यांत औशाकडचा एक माणूस आहे, ज्याने त्या दिवशी स्वतःच्या हातांनी दगडमाती उपसली. त्याच्यासमोर मी काय रंगवणार? भांडी लिहिली, आईच्या हाताची पकड लिहिली, थांबलो. दहा हजार अनोळखी लोक वाचणार असते तर हात सैल सुटला असता, अशी भीती मला वाटते. इथे वाचणारा उद्या सकाळी भाजीच्या गाड्यावर भेटतो. त्याला तोंड दाखवायचं असतं.

थोड्यांसाठी लिहिण्याची ही गोष्ट आमच्या गावाला नवीही नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथे आहे. त्यांचा विवेकसिंधु हा ग्रंथ ११८८ सालचा, आणि परंपरा सांगते की जैत्रपाळ राजाला बोध करण्यासाठी तो रचला. म्हणजे मनासमोर वाचक एकच. विदर्भातली मंडळी मुकुंदराजांना अंभोऱ्याचे म्हणतात, तो वाद अभ्यासकांनी सोडवावा. आम्ही मात्र लहानपणापासून घाट उतरून मुकुंदराजांच्याच समाधीला गेलो. आणि संतकवी दासोपंत, १५५१ ते १६१५. त्यांची पासोडी या गावात जपलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, आणि त्यावर हाताने लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे वेदांतातला पंचमहाभूतांचा विचार. दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे असं इथले जुने लोक सांगतात. गीतेवरचा त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा. सव्वा लाख! आज तो आरंभापासून शेवटपर्यंत वाचलेली माणसं किती सापडतील? मी पासोडीचा विचार करतो तेव्हा अध्यात्मापेक्षा आधी मला लिहिणारा दिसतो. कापडावर टाक अडखळतो, शाई पसरते, ओळ वाकडी जायला बघते, चूक झाली तर पान फाडून टाकायची सोय नाही. इतकं मोठं कापड एका वेळी चारदोन माणसांपेक्षा जास्तींना वाचताही येत नाही, बाजूला उभं राहून सरकत सरकत वाचावं लागतं. तरी अक्षर शेवटपर्यंत तसंच. माझी त्यांच्याशी बरोबरी सांगायची नाही, पण त्याच गावात राहून वाचक थोडे म्हणून हात आखडता घ्यायला मला लाज वाटते.

महानुभाव पंथातली एक गोष्ट मला याहून जवळची आहे. केशिराजबास विद्वान, त्यांना संस्कृतात ग्रंथरचना करायची होती. पंथाचे प्रमुख नागदेवाचार्यांनी अडवलं. तसं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांसमोर पंथातल्या त्या म्हाताऱ्या बायका होत्या, त्यांना कळलं पाहिजे, बाकी जगाचं जग बघेल. पुढे त्यांचे ग्रंथ सकळीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उकलेपर्यंत पंथाबाहेर कुणाला वाचता येत नव्हते. काही शतकं मूठभर माणसांनी वाचलेलं आणि नकलून घेतलेलं ते मराठी गद्य आज आपल्या हातात आहे.

आणखी एक आहे, थोडक्यात सांगतो. माझ्या आजोबांच्या वेळी, निजामाच्या राज्यात, हे गाव मोमिनाबाद होतं. दफ्तर उर्दूत. सभा घ्यायची तर परवानगीशिवाय सभेला बंदी घालणारं गश्ती निशाण ५३ हे फर्मान आडवं यायचं. आजोबांच्या नावचे जुने कागद घरात आहेत. एका उर्दू कागदावर त्यांची मोडीतली सही आहे. वर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवलं असेल त्यावर विश्वास ठेवून त्यांनी खाली नाव घातलं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते संपलं. मला माझ्या बोलीत, माझ्या माणसांसाठी, कुणाची परवानगी न मागता लिहिता येतं, याचं मोल मला तो कागद बघितला की कळतं. वाचणारे तीस असोत की तीनशे.

माझी सगळ्यात कडक वाचक वाचत नाही, ऐकते. आईला अक्षरओळख नाही. पोरगी तिला मोबाईलवरून वाचून दाखवते. आई डोळे मिटून ऐकते आणि मध्येच हात वर करते, "थांब. आसं नव्हतं ते." मग कसं होतं ते सांगते. चुलतीच्या आंबिलीवेळी तिची हरकत लुगड्याच्या रंगाला होती, मी रंग लिहिलाच नव्हता, म्हणून हरकत. "हिरवं होतं, लिही की." नागदेवाचार्यांच्या त्या म्हाताऱ्या कशा असतील याची मला आईमुळे चांगली कल्पना आहे.

सध्या तिने एक काम लावलं आहे. तिचं माहेर मांजरा धरणात गेलं. धरण बांधलं तेव्हा गाव उठलं, माणसं वरच्या अंगाला नव्या गावठाणात गेली. २०१६ ला पाणी आटलं तेव्हा मी तिला तिथे घेऊन गेलो होतो. गाळातून घरांचे पाये वर आले होते आणि ती एकेका पायावरून चालत हे कुणाचं, ते कुणाचं सांगत होती. आता ती म्हणते, ते सगळं लिही. आमच्या घरापासून सुरू कर, मग सुताराचं, मग आड, आडाच्या अंगाला चिंच, मग मारुती. आणि माझ्या थोरल्या भावाचं नाव नीट लिही, शाळेच्या दाखल्यावर चुकलं होतं ते तसंच राहिलं.

लिहायला घेतलं आहे. चतुःसीमा लिहितो तसंच एकेक घर पूर्वेस काय, पश्चिमेस काय असं लावत चाललोय, फरक एवढाच की इथे सुताराचा स्वभावही लिहिता येतो. मारुतीपर्यंत आलो आणि अडलो. आई म्हणते देवळापुढे दीपमाळ एक होती, मावशी म्हणते दोन. मामा आता नाहीत. धरणात गेलेल्या त्या पट्ट्यातलं कुणी वाचत असेल, किंवा तुमच्या घरी तिकडची कुणी लेक असेल, तर तिला विचारून तेवढं कळवा. वेशीतून आत आल्यावर डाव्या हाताला मारुती, शेजारी मोठा कट्टा, ते गाव.